आतड्याचा निरोप

वैनगंगेच्या खोऱ्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी वसले आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. पण भात दोन्हीकडचा एकच, आणि समजुतीही एकच. मधुमेह हा बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसाचा रोग. धानाच्या बांधीत कंबर वाकवणाऱ्या किडकिडीत माणसाला तो कशाला शिवेल, ही त्यांपैकीच एक. ही समजूत कशी ढासळली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

आतडे म्हणजे अन्न पुढे ढकलणारी नळी, असे दीर्घकाळ मानले जाई. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवून दिले की, लहान आतडे रक्तावाटे स्वादुपिंडाला रासायनिक निरोप धाडते. पुढे १९६४ साली आढळले की, साखर शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिली तर इन्शुलिन अधिक स्रवते. म्हणजे साखर आल्याची वर्दी आतडेच देत असते.

शल्यचिकित्सकांचे लक्ष मात्र वजनावर होते. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा येथे क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याचा मार्ग दाखविला. वजन उतरे, पण पुढे कित्येकांचे यकृत बिघडे, मूत्रखडे होत. ती रीत अखेर मागे पडली. १९६६ साली आयोवा येथे मेसन यांनी जठराची लहानशी पिशवी करून तिला आतडे जोडले. ही रीत टिकली.

तिचे खरे नवल १९९५ साली जगापुढे आले. पोरीस यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ६०८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा पूर्ववत झाली होती. विशेष हे की, वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, साखर खाली येई. तेव्हा हा गुण केवळ घटलेल्या वजनाचा नव्हता.

मग तो कशाचा? अन्नाची वाट बदलली की आतड्यातील संप्रेरकांचा स्राव बदलतो, रक्तातील पित्ताम्ले वाढतात आणि सूक्ष्मजंतूंची वस्तीही पालटते. हे जंतू न पचलेल्या तंतूंपासून लहान स्निग्धाम्ले तयार करतात. २०१३ साली अमेरिकन संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या उंदरांचे आतड्यातील जंतू जंतुरहित उंदरांना दिले. कातरी न लावताच त्यांचे वजन घटले. माणसाच्या बाबतीत यांतील कोणाचा वाटा किती, याचा निवाडा अजून व्हावयाचा आहे. आतड्याच्याच एका संप्रेरकाची नक्कल करणारी औषधे मात्र २००५ पासून वापरात आली.

या कथेची दुसरी बाजू पुण्याची आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांची बालके अभ्यासली. बालके वजनाने हलकी, पण त्यांच्या अंगी चरबी मात्र टिकून राहिलेली! २००४ साली याज्ञिक व इंग्लंडचे युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. २०१६ साली मधुमेहावरील शस्त्रक्रियेसंबंधी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी नियम सुचविले, तेव्हा आशियाई लोकांसाठी वजनाची मर्यादा खाली ठेवली, ती याच जाणिवेतून.

शस्त्रक्रिया हा सर्वांचा मार्ग नव्हे. तिच्यामागून जन्मभर जीवनसत्त्वे घ्यावी लागतात, आणि कित्येकांचा मधुमेह काही वर्षांनी परततो. पण तिने दिलेली शिकवण खैरलांजीच्या शेतकऱ्यालाही उपयोगी आहे. काट्यावर हलके भरणारे शरीर निरोगी असेलच असे नाही. कमरेला लावलेली फीत आणि रक्ताची एक साधी तपासणी, ही काट्याला न कळणारी गोष्ट वेळीच सांगून जातात.