आडवी बाटली आणि लोकमताचें माप

दारूच्या दुकानास आपल्या भाषेंत 'गुत्ता' हा शब्द आहे. गुत्ता म्हणजे मुळांत मक्ता. सरकारी उत्पन्न ठराविक रकमेस घेण्याचा ठेका. बीड जिल्ह्यांत रस्ता किंवा पूल बांधणारास आजहि गुत्तेदारच म्हणतात. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि अबकारीचें उत्पन्न हा त्या तिजोरीचा एक मोठा आधार होता. दुकानाचें आणि ठेक्याचें नांव एकच असावें, यांत या प्रश्नाचा बराचसा इतिहास सांठविला आहे. दुकान कोठें असावें हें सरकार आणि गुत्तेदार ठरवीत. ज्या गांवांत तें उघडावयाचें त्या गांवास कोणी विचारीत नसे.

गांवास विचारावें ही मागणी मात्र जुनी आहे. 1889 सालीं सॅम्युएल स्मिथ यांनीं ब्रिटिश पार्लमेंटांत ठराव आणिला व केन यांनीं त्यास पाठिंबा दिला. हिंदुस्थानांत रहिवाशांच्या मताविरुद्ध, पूर्वीं नव्हतीं तेथें दारूचीं दुकानें निघत आहेत, असा त्या ठरावाचा रोख होता. तो मंजूरहि झाला. परंतु लोकमत मान्य करणें निराळें आणि तें मोजणें निराळें. 1908 च्या उन्हाळ्यांत टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यांतील गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. ज्यास मत नाहीं त्यास दारांत उभें राहण्याखेरीज दुसरा उपाय कोणता?

हें माप विलायतेंत कसें धरलें गेलें तें पाहण्यासारखें आहे. वेल्समध्यें 1881 च्या कायद्यानें रविवारीं दारूगृहें बंद झालीं. 1961 पासून दर सात वर्षांनीं तेथील लोकांस कौल विचारला जाऊं लागला. पडलेल्या मतांत ज्या बाजूस बहुमत, ती बाजू जिंकली. एकेक भाग खुला होत गेला, आणि शेवटचा डुइव्होर हा भाग 1996 सालीं खुला झाला. स्कॉटलंडमध्यें 1913 च्या कायद्यान्वयें 1920 पासून असें मतदान सुरू झालें. तेथें दुकानें बंद होण्यास पडलेल्या मतांपैकीं शेंकडा 55 आणि एकूण मतदारांपैकीं निदान शेंकडा 35 इतका पाठिंबा लागे.

आपल्याकडे 1949 सालीं, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असतां, मुंबई राज्यांत दारूबंदीचा कायदा झाला. 1956 सालीं मराठवाडा त्या राज्यांत आला. सर्वत्रच बंदी असेल तर एका गांवाचें मत विचारण्याचें कारण उरत नाहीं. पुढें परवान्यांचें धोरण सैल झालें, तेव्हां तें कारण पुन्हां उत्पन्न झालें. 2008 सालीं महाराष्ट्र सरकारनें आदेश काढून स्त्रियांच्या हातीं मतपत्रिका दिली. गांवांतील शेंकडा 25 स्त्री-मतदारांनीं मागणी केली कीं गुप्त मतदान व्हावयाचें. मतपत्रिकेवर दोन चित्रें: उभी बाटली म्हणजे दुकान राहो, आडवी बाटली म्हणजे दुकान जावो. अक्षरओळख नसलेल्या आजीसहि कळेल अशी ही युक्ति खरोखर कौतुकास्पद होय.

अडचण आहे ती मापांत. यादींतील एकूण स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडलीं पाहिजेत, असा दंडक ठेवण्यांत आला. समजा, गांवांत एक हजार स्त्रिया आहेत. सहाशें मतदानास आल्या आणि त्यांतील चारशें ऐंशींनीं बाटली आडवी केली. या कौलानें वेल्समध्यें दुकान बंद झालें असतें, स्कॉटलंडमध्येंहि झालें असतें. आपल्याकडे बाटली उभीच राहते. कारण घरीं राहिलेल्या चारशें स्त्रियांचें मत न देतांच गुत्त्याच्या पदरीं पडतें.

आणि बीड जिल्ह्यांत त्या घरीं तरी कोठें असतात? दसरा-दिवाळी झाली कीं लाखों माणसें ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीनें फेडावयाची असते. उचलीचा पैसा गुत्त्यावर गेला तरी फेडीचे श्रम बायकोच्याहि हातांचे. म्हणजे दुकानाचा चटका जिला सर्वांत अधिक, तीच मतदानाच्या दिवशीं उसाच्या फडांत असूं शकते; आणि तिची गैरहजेरी दुकानास संमति म्हणून मोजली जाते!

माप सैल केलें तर मूठभर उत्साही मंडळी एखाद्याचा कायदेशीर धंदा बुडवितील, हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परवाना मिटला तरी हातभट्टी मिटेल असेंहि नाहीं. तें काम मतपेटीचें नव्हे, पोलिसांचें आहे. पण पहिल्या आक्षेपास स्कॉटलंडच्या दुहेरी मापांत उत्तर आहे: पडलेल्या मतांत ठळक बहुमत असावें, आणि एकूण मतदारांतहि त्यास कांहीं किमान आधार असावा. तेवढेंहि जमत नसेल, तर निदान ऊसतोडीच्या गांवांत हें मतदान वैशाख-ज्येष्ठांत घ्यावें. त्या सुमारास गाळप संपलेलें असतें, बैलगाड्या परतलेल्या असतात, आणि जिला विचारावयाचें ती घरीं असते.