सागरी गाळातील प्राचीन डीएनए
सागरी गाळातील प्राचीन डीएनए म्हणजे मृत्यूनंतर समुद्रतळाशी साचलेल्या प्लवकांच्या व इतर जीवांच्या डीएनएचे गाळात शिल्लक राहिलेले तुकडे होत. डीएनए किती काळ टिकेल, हे काळापेक्षाही तो कोठे जाऊन पडतो यावर अधिक अवलंबून असते.

विघटन

पेशी फुटल्यावर तिचा डीएनए पाण्यात मिसळतो. तेथे जिवाणूंची विकरे काही तासांत किंवा दिवसांत त्याचे तुकडे करतात व त्यातील फॉस्फरस इतर सूक्ष्मजीव वापरतात. त्यामुळे तळापर्यंत फारच थोडा डीएनए पोहोचतो. विष्ठेच्या गोळ्यांतून किंवा चिकट पुंजक्यांतून वेगाने बुडालेल्या पेशींचा त्यात मोठा वाटा असतो. गाळातील चिकणमातीच्या कणांना चिकटलेला रेणू विकरांपासून काहीसा सुरक्षित राहतो. थंडी आणि ऑक्सिजनचा अभाव यांमुळे विघटन मंदावते, पण थांबत नाही. पाण्याच्या रासायनिक क्रियेने साखळी तुटत जाते आणि सायटोसिनचे युरॅसिलमध्ये रूपांतर होते. फार जुने तुकडे बहुधा शंभर बेस-जोड्यांहूनही आखूड असतात.

नोंदी

काळ्या समुद्राचे खोल पाणी ऑक्सिजनविरहित आहे. तेथील गाळातून सुमारे ११,४०० वर्षांतील प्लवकांचा इतिहास वाचता आला. ईशान्य अरबी समुद्रातील अशी नोंद सुमारे ४३,००० वर्षांची आहे. अंटार्क्टिकाजवळील स्कोशिया समुद्रात २०१९ साली काढलेल्या गाळाच्या नमुन्यांत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीचा सागरी डीएनए आढळला. त्यातील डायाटमचा डीएनए सुमारे ५,४०,००० वर्षांपर्यंतचा आहे. ज्या जीवांना कवच नसते, त्यांचे सहसा जीवाश्म उरत नाहीत. अशांच्या बाबतीत ही पद्धत विशेष मोलाची ठरते.

अडचणी

गाळात खोलवरही जिवाणू जिवंत असतात, म्हणून तेथील जिवाणूंचा डीएनए प्राचीनच असेल असे मानता येत नाही. प्रकाशावर जगणाऱ्या प्लवकांची साक्ष त्या मानाने अधिक भरवशाची, कारण अंधाऱ्या गाळात ते वाढू शकत नाहीत. तुकड्यांच्या टोकांना दिसणाऱ्या सायटोसिनच्या बदलांवरून आधुनिक भेसळ ओळखता येते. मात्र काही डायनोफ्लॅजेलेट सुप्त पुटीच्या रूपात दीर्घकाळ जिवंत राहतात: स्वीडनमधील कोल्यो फ्योर्डच्या गाळातील सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या पुटी प्रयोगशाळेत अंकुरल्या आहेत. अशा थरात सापडलेला डीएनए मृत जीवाचाच आहे, असे केवळ गाळाच्या वयावरून ठरवता येत नाही.