दूरचे शिक्षण आणि जवळचा शिक्षक

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. शिरूर गाव नगर रस्त्यावर घोड नदीच्या काठी, दौंड सोलापूरच्या लोहमार्गावर भीमेच्या काठी. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे कारखानदारी आली, तरी या तालुक्यांचा मोठा भाग अद्याप वाड्यावस्त्यांत विखुरलेला आहे. उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहणाऱ्या तोडणी मजुरांची मुले हंगामापुरती येतात आणि जातात. अशा मुलखात शाळा कोठवर पोचते हा प्रश्न जुनाच. आणि शाळा पोचत नसेल तर शिक्षकाचा आवाज व चित्र तरी पोचवावे, हा विचारही आपण समजतो तितका नवा नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, शिक्षक मोबाईलसमोर उभे राहून धडे देऊ लागले, तेव्हा हे शिक्षण एकाएकी आकाशातून पडले असे अनेकांस वाटले. वास्तविक दूरच्या माणसांस शिकविण्याचा एक मोठा प्रयोग याच पुण्यातून सुमारे सत्तर वर्षांपूर्वी झाला होता. त्याचा धडा विस्मरणात गेला आहे, म्हणून तो आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने खेड्यांतील श्रोतामंडळांचा उपक्रम हाती घेतला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशेच्या आसपास गावे त्यासाठी निवडली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम मराठीतून होई. विषय शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत असे रोजच्या जगण्यातले. गावातील काही मंडळी एकत्र बसून तो ऐकत, संपल्यावर चर्चा करीत. मंडळाचा चिटणीस चर्चेचे टिपण करून मंडळींच्या शंका पुण्यास पाठवी आणि पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत. तेथील कल्पना इथे आपल्या मातीत लावली गेली.

या उपक्रमाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिचे सूत्रधार पॉल न्यूरथ हे समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली: मंडळ असलेली, रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. कार्यक्रमांच्या आधी व नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ भरघोस दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अल्प होती, आणि रेडिओ नसलेल्या गावांत नगण्य. आवाज तोच, शब्द तेच, वक्तेही तेच. फरक पडला तो ऐकणाऱ्यांच्या शेजारी कोण बसले होते आणि ऐकून झाल्यावर काय घडले, यामुळे. आमच्या मते दूरशिक्षणाचा सारा इतिहास या एका निष्कर्षाभोवती फिरतो.

कोणी म्हणेल, ही गोष्ट नुसत्या आवाजाची झाली. चित्र आल्यावर मास्तर समोर दिसतो, मग दुसरा माणूस कशाला? याचे उत्तर पुढील वर्षांनी दिले आहे. १९६१ साली दिल्लीच्या शाळांत चित्रवाणीचे पाठ सुरू झाले. प्रयोगशाळा अपुऱ्या आणि विज्ञानाचे शिक्षक थोडे, ही त्यामागची अडचण. तेथेही पाठापूर्वी प्रस्तावना करणे व नंतर मुलांकडून उजळणी करून घेणे, हे वर्गातील शिक्षकाकडेच ठेवले होते. त्या उपक्रमाची पाहणीही पुढे न्यूरथ यांनीच केली. १९७५-७६ साली अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविले गेले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. सकाळचा कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असे. परंतु त्याच उपग्रहावरून हजारो प्राथमिक शिक्षकांनाही विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण दिले गेले. म्हणजे योजकांना ठाऊक होते की, पडदा मुलापर्यंत नेला तरी शिक्षकाला वगळून चालणार नाही.

पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी स्थापन झाली. मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही संस्था अनुदान आटल्यावर २०१७ साली बंद पडली. तीनच वर्षांनी शाळांना कुलूप लागले आणि तिची उणीव सर्वांस जाणवली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. फळ्यापाशी उभ्या मास्तरांचे व्याख्यान तिने टाळले. घरातील वस्तू घेऊन, घरच्या माणसांसह मुलाने करून पाहावे अशी तिची रचना होती. आई, आजी, थोरला भाऊ यांना तिने श्रोतामंडळाच्या चिटणिसाचे काम दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

मग कॅमेऱ्यासमोरच्या शिक्षकाचे काम सोपे झाले काय? मुळीच नाही. वर्गात मुलाच्या कपाळावर आठी पडली की शिक्षक थांबतो, उदाहरण बदलतो. भिंग त्याला ती आठी दाखवीत नाही. म्हणून त्याने ती आधीच ओळखावी लागते. एका पाठात एकच गोष्ट घ्यावी. अक्षर मोठे व सावकाश काढावे. नजर भिंगाकडे असावी, म्हणजे ती मुलाकडे जाते. प्रश्न विचारल्यावर मुलाने वहीत उत्तर लिहावे इतका वेळ गप्प राहावे. ही शांतता चित्रणात खटकते, म्हणून बहुधा कापली जाते, आणि तिच्याबरोबर मुलाचा विचारही कापला जातो. परंतु इतके सारे साधले तरी मुलाने लिहिलेले उत्तर बरोबर की चूक, हे पाहणारे कोणी त्याच्यापाशी हवेच.

आज हा प्रश्न नुसता इतिहासाचा राहिलेला नाही. कमी पटाच्या वस्तीशाळेत पडदा लावला की एक शिक्षक वाचला, असा हिशेब मांडण्याचा मोह सहज होतो. १९५६ च्या पाहणीत मंडळ नसलेल्या, नुसता रेडिओ असलेल्या गावांचे जे झाले, तेच त्या वस्तीचे होईल. शिरूरच्या वाडीवर किंवा दौंडच्या फडावर पडदा जरूर न्यावा. उत्तम शिक्षकाचा पाठ तेथील मुलाला मिळणे हा त्याचा हक्कच आहे. परंतु पडद्याचा खर्च मांडताना त्याच ओळीत शेजारी बसणाऱ्या माणसाचा पगारही मांडावा, आणि मुलांच्या शंका पाठ देणाऱ्याकडे परत जातील अशी वाट ठेवावी. त्या काळी ही वाट साध्या टपालाची होती, तरी ती चालली. आज साधने शतपट वेगवान आहेत. ती वाट खुली ठेवायची की नाही, एवढे ठरविणे आपल्या हाती आहे.