तणनाशक-प्रतिकारक तणे व पीक फेरपालट (यवतमाळ जिल्हा)

एकाच प्रकारे क्रिया करणारे तणनाशक वर्षानुवर्षे फवारल्यास त्याला दाद न देणारी तणे शिल्लक राहून फैलावतात. भारतात १९९०च्या दशकारंभी हरियाणातील गव्हात आयसोप्रोट्यूरॉनला न जुमानणारे गुल्ली-दंडा हे तण आढळले. यवतमाळच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. तणनाशक-सहनशील कापसाला देशात परवानगी नाही; तरी विदर्भात त्याचे अनधिकृत बियाणे पसरले आणि त्यासोबत ग्लायफोसेटही. केना हे तण मात्र ग्लायफोसेटला मुळातच चिवट असते.

नुसते पीक बदलून भागत नाही. सोयाबीनमधील इमॅझेथापायर आणि कापसातील पायरिथायोबॅक ही दोन्ही एकाच विकराला रोखतात. ज्वारीतील ॲट्राझीनची क्रिया वेगळी असते. सोयाबीननंतर हरभऱ्यासाठी वखरणी केल्यास उरलेली तणे बी धरण्याआधी मोडतात. जोडीला वेळेवर डवरणी व निंदण हवे. तणांचे बी घटत गेले की पुढील हंगामांत निंदणाची मजुरी वाचते. तूर व हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी नत्र स्थिर करतात, त्यामुळे खताचा खर्चही कमी होतो. ज्वारीचा कडबा जनावरांना उपयोगी पडतो; मात्र रानडुकरांचा उपद्रव व बाजारभाव पाहूनच तिचे क्षेत्र ठरवावे लागते.