मण्यार: 1.40 ते 7.10

हा कुणा एकाचा अहवाल नाही. मुदखेडच्या शिवारात, पावसाळ्यात, भुईवर अंथरूण टाकून झोपलेल्या सालगड्याला मण्यार चावली तर काय घडत जातं, तेवढंच. वेळा नमुन्याच्या.

आधीचे काही दिवस. मण्यारीच्या विषग्रंथीत रायबोझोम प्रथिनांच्या साखळ्या विणतात. आंतर्द्रव्यजालिकेत त्यांना घडी पडते. विषातल्या बीटा-बुंगारोटॉक्सिनच्या दोन साखळ्या गंधकाच्या बंधाने जोडल्या जातात. गॉल्जी संकुल माल पुटिकांत भरून बाहेर धाडतं. आपल्या पेशींतही हीच रीत.

रात्री 1.40. पायाला काहीतरी टोचतं. आग नाही, सूज नाही. मुंगी असेल म्हणून तो कूस बदलतो.

2.30. विष श्वासपटलाच्या चेतातंतूंच्या टोकांशी पोचलेलं. तिथे जेमतेम 50 नॅनोमीटरच्या पुटिका स्नायूला हुकूम पोचवणारं ॲसिटिलकोलीन भरून सज्ज असतात. त्या रित्या होऊ लागतात. पुन्हा भरत नाहीत.

4.10. पोटात कळ. पित्त म्हणून ओवा-मीठ.

5.00. पापण्या उघडत नाहीत. “झोप झाली नसंल.” पाणी नाकातून परत येतं.

5.25. कुणीतरी सापाचं नाव काढतं. पाय तपासतात, मण्यारीचे दात इतके बारीक की खूण सापडत नाही. मारुतीच्या पारावर कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागतो. म्हणजे विष नाही, असं ठरतं. मण्यारीच्या विषाने जिभेची चव जात नाही. यात 50 मिनिटं जातात.

6.15. मान उचलत नाही. जवळचा दवाखाना की थेट नांदेड? जवळ प्रतिविष आहे, हाताने दाबून श्वास देणारी पिशवी आहे. थेट नांदेड ठरतं. फुलांचा टेम्पो निघायचाच असतो.

6.40. आता प्रतिविष मिळालं तरी ते रक्तातलं मोकळं विष धरेल; रित्या पुटिका भरणार नाही. टोकांसाठीची नवी प्रथिनं मानेतल्या मज्जारज्जूत बनतात, तिथून चेतातंतूतून वाहून येतात, वेग दिवसाला फार तर 400 मिलिमीटर. टोकं सावरायला काही दिवस. तेवढे दिवस यंत्राने श्वास दिला, तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो.

6.55. टेम्पोत तो बेशुद्ध वाटतो. नाही, सगळं ऐकू येतंय, हुं म्हणण्यापुरतीही ताकद नाही.

7.10. श्वास थांबतो. हृदय अजून काही मिनिटं चालतं.