डेव्हिड क्लाईड : गल्ला भरला, खांदा गेला
अमेरिकी बेसबॉलमधील डावखुरा पिचर. जन्म १९५५. ह्यूस्टनच्या शालेय संघाकडून अखेरच्या मोसमात १८ सामने जिंकणाऱ्या, एकही न गमावणाऱ्या क्लाईडची टेक्सास रेंजर्सने १९७३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवड केली. रिकाम्या प्रेक्षागारांनी त्रस्त झालेले मालक बॉब शॉर्ट यांनी दुय्यम लीगमधील उमेदवारी टाळून या अठरा वर्षांच्या मुलाला २७ जून रोजी थेट मैदानात उतरविले. मिनेसोटा ट्विन्सविरुद्धचा तो सामना त्याने जिंकून दिला. अर्लिंग्टनचे मैदान प्रथमच खचाखच भरले. दोन सामन्यांनंतर त्याला खालच्या लीगमध्ये धाडायचे ठरले होते. पण गल्ल्याचा मोह सुटला नाही. पुढे खांद्याने दगा दिला. १८ विजय व ३३ पराभव नोंदवून त्याची प्रमुख लीगमधील कारकीर्द १९७९ मध्ये, चोविसाव्या वर्षीच संपली. निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या चार वर्षांच्या सेवेला अवघे ३७ दिवस कमी पडले.