रिठा, साबण आणि गोदेचें पाणी

येवल्याच्या पैठणीस साबण लावूं नये, रिठ्याच्या पाण्यांत ती अलगद धुवावी, ही आपल्या घरांतील जुनी शिस्त. तिला कोणी बायकी भाबडेपणा म्हणतात. आमच्या मतें नाशिक जिल्ह्यांतील ह्या रेशमी पेठेच्या शहाणपणांत रसायनशास्त्राचा एक धडाच आहे.

कपड्यावरील मळ म्हणजे बहुधा घामातेलानें धरून ठेविलेली धूळ. नुसतें पाणी तिच्यावरून निसटून जातें. रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या कणाचें एक टोंक पाण्याशीं सख्य करतें, दुसरें तेलाशीं. हे दुतोंडी कण तेलकट टोंक मळांत खुपसून त्याला चहूंकडून वेढतात, धाग्यापासून सोडवितात, आणि वेढलेला मळ पाण्यांत तरंगत राहतो. कणांच्या अशा पुंजक्यास मॅकबेन ह्या शास्त्रज्ञानें १९१३ सालीं मायसेल हें नांव योजिलें. संस्कृतांत रिठ्याला फेनिल म्हणतात खरें, पण मळ काढतो तो हा वेढा, फेंस नव्हे.

साबणाचें कामहि हेंच. १८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत सनलाइटच्या पेट्या उतरल्या, आणि विलायती वडी हळूहळू घरोघर पोंचली. परंतु साबण पडला अल्कधर्मी. रेशमास तें मानवत नाहीं. शिवाय दख्खनच्या काळ्या पाषाणांतील पुष्कळ विहिरींचें पाणी जड. त्यांतील चुन्याशीं संयोग होऊन साबणाचा चिकट साका बनतो व धुणारणीचे कष्ट वायां जातात. १९५९ सालीं आलेल्या सर्फच्या पुडीनें ही अडचण पुष्कळशी दूर केली. १९६९ सालीं अहमदाबादेस निघालेल्या निरमानें ती सोय गरिबाच्या आटोक्यांत आणिली.

पण सोडविलेला मळ व सोडविणारा कण जातात कोठें? युरोपांत पहिल्या कृत्रिम प्रक्षालकांचे कण जंतूंना पचेनात. नद्यांवर फेंसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीनें १९६४ पासून पचणारे कण सक्तीचे केले. पुडींत फॉस्फेट असल्यास तें सांडपाण्याबरोबर पाणवनस्पतींचें खाद्य होतें. नाशकांत गोदावरीवर माजणाऱ्या पाणवेली काढण्यास महानगरपालिकेला माणसें व यंत्रें लावावीं लागलीं. त्यांच्या पोषणांत मैलापाण्याचा वाटा मोठा असला, तरी आपल्या बादल्याहि अगदीं निर्दोष नाहींत. रिठ्याच्या अभिमान्यांनींहि फार चढून बोलूं नये: सॅपोनिनचें पाणी डोहांत कालविलें कीं मासे गुंगून वर येतात, आणि मासे धरण्याची ही युक्ति साबणाहून पुष्कळ जुनी आहे.